काउंटचे मृत्युपत्र आणि गळके छप्पर

प्रश्न : मी गेली तीन वर्षे एक कादंबरी लिहीत आहे. ती 1995 च्या सुमारास पॅरिसमध्ये आणि लोआर नदीकाठच्या एका जुन्या शातोमध्ये, म्हणजे सरदारी वाड्यात, घडते. वृद्ध काउंट आपल्या पहिल्या पत्नीच्या मुलाला, आर्माँला, मृत्युपत्र करून पूर्णपणे बेदखल करतो आणि सर्व मालमत्ता दुसऱ्या, तरुण पत्नीच्या नावे करतो. तिच्यापासून त्याला एक मुलगी आहे. मृत्युपत्र टंकलिखित आहे आणि त्यावर माळी व कुटुंबाचा डॉक्टर साक्षीदार म्हणून सह्या करतात. अंत्यविधीनंतर दिवाणखान्यात सर्वांसमोर ते वाचले जाते. अपमानित आर्माँ वीस वर्षांनी परततो आणि सावत्र आईला विष देऊन सूड घेतो. फ्रान्समध्ये बरीच वर्षे राहून आलेल्या एका परिचितांना हस्तलिखित दाखवले, तेव्हा ते मृत्युपत्राच्या प्रकरणापाशी हसले आणि ‘असे तिकडे होत नाही’ एवढेच म्हणाले. नेमके काय होत नाही? आणि सूड सिनेमातल्यासारखा न वाटता खरा कसा वाटेल?
— एक लेखिका, कोल्हापूर

उत्तर : आपले पत्र आणि सोबतची तीन प्रकरणे वाचली. शातोतल्या सकाळचे वर्णन उत्तम आहे, ते तसेच ठेवा. अडचण पुढे येते. तुमच्या पात्रांची नावे फ्रेंच आहेत, जेवणाच्या टेबलावर चीज आणि वाइन आहे, परंतु भांडण मात्र आपल्याकडच्या वाड्यातले आहे. ‘तुला एक छदामही मिळणार नाही’ असे म्हणून मुलाला घराबाहेर काढणारा बाप आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण आपल्याकडे स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते आणि पोटच्या मुलाला वगळताही येते. (मुस्लिम कायद्यात एक तृतीयांशाची मर्यादा आहे, तो भाग वेगळा.) फ्रान्समध्ये मात्र काउंट असो की काउंटचा माळी, आपल्या मुलाला मृत्युपत्राने बेदखल करू शकत नाही. तुमचे परिचित बहुधा इथेच हसले असावेत. त्यांच्या हसण्याचे दुसरेही एक कारण मला दिसते, पण ते शेवटी सांगतो.

1804 च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेपासून तिथे मुलांचा राखीव हिस्सा ठरलेला आहे. एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. उरलेला मोकळा हिस्सा मृत्युपत्राने कोणाला द्यायचा तेवढेच बापाच्या हाती असते. तुमच्या काउंटला दोन मुले आहेत, म्हणजे आर्माँवर तो कितीही रागावला तरी एक तृतीयांश वाटा आर्माँचाच राहतो. गोव्यातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही, कारण पोर्तुगीज दिवाणी संहितेचा वारसा तिथे अजून चालू आहे आणि तिथेही मुलांच्या वाट्याची निम्मी मालमत्ता मृत्युपत्राने इतरांना देता येत नाही. तुमचे कोणी नातेवाईक पणजीला किंवा मडगावला असतील, तर मृत्यूनंतरची वाटणी तिथे कशी होते ते त्यांना विचारा. फ्रान्समधल्या या जगाची चव तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

यावर तुम्ही म्हणाल की मग कथाच संपली. माझे मत नेमके उलट आहे. मृत्युपत्राचे हत्यार बोथट असल्यामुळेच फ्रान्सच्या श्रीमंत घरांतली कारस्थाने माणूस जिवंत असताना, त्याच्या उशाशी बसून केली जातात. मृत्यूनंतर मृत्युपत्र फोडून धक्का देण्याचे नाट्य तिथे फारसे उपयोगाचे नाही. खरे नाट्य त्याआधीच्या दहा वर्षांत घडते आणि ते नोटरीच्या कार्यालयात घडते. नोटरी म्हणताच कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून शिक्के मारणारे गृहस्थ डोळ्यांपुढे आणू नका. फ्रान्समधला ‘नोतेअर’ हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो. विवाहाचा करार, बक्षीसपत्र, घराची विक्री आणि वारसांची वाटणी ही सगळी कामे त्याच्या हातून जातात आणि अनेक घराण्यांचे नोटरीचे कार्यालयही पिढ्यान्‌पिढ्या तेच असते. तुमच्या कादंबरीत हे पात्रच नाही. ते आणा, म्हणजे निम्मे काम होईल.

आता काउंटला मुलाला खरोखरच छळायचे असेल तर कायद्याच्या चौकटीत राहून काय करता येईल ते पाहू. फ्रेंच कायद्यात मालकीचे दोन तुकडे करता येतात. एक तुकडा म्हणजे तहहयात उपभोगाचा हक्क. तो ज्याच्याकडे असतो त्याने घरात राहावे, भाडे घ्यावे आणि शेताचे उत्पन्न खावे. दुसऱ्या तुकड्याला फ्रेंच भाषेत शब्दशः ‘नागडी मालकी’ म्हणतात. त्या मालकाच्या नावावर घर असते, पण उपभोग घेणारी व्यक्ती जिवंत असेपर्यंत त्याला त्या घराच्या अंगणात खुर्ची टाकूनही बसता येत नाही. आणि पती आपल्या पत्नीला, मुलांच्या राखीव हिश्शाची पर्वा न करता, संपूर्ण मालमत्तेचा तहहयात उपभोग दानपत्राने देऊ शकतो. आता तुमची वये लावून पाहा. आर्माँ पन्नाशीचा आहे आणि सावत्र आई पस्तिशीची. शातो आर्माँच्या आणि त्याच्या सावत्र बहिणीच्या नावावर होईल, पण ती बाई नव्वदीपर्यंत जगली तर त्याच्या वाट्याला येईल तेव्हा तो एकशेपाच वर्षांचा असेल. बापाने मेल्यानंतरही मुलाला रोज टोचावे अशी याहून सभ्य व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

आणि यात एक बारीक तपशील आहे, ज्यावर मी तुमच्या जागी असतो तर एक संपूर्ण प्रकरण लिहिले असते. घराची रोजची देखभाल उपभोग घेणाऱ्याने करायची असते, परंतु मोठ्या दुरुस्त्यांचा भार कायद्याने नागड्या मालकावर येतो. मोठ्या दुरुस्त्या म्हणजे काय, हे संहितेच्या 606 व्या कलमात लिहिलेले आहे : मुख्य भिंती आणि कमानी, तुळया आणि संपूर्ण छप्पर. लोआरकाठच्या शातोचे छप्पर पाटीच्या दगडाचे असते आणि ते पुन्हा घालण्याचा खर्च ऐकून चांगल्या चांगल्या घराण्यांनी शातो विकलेले आहेत. तेव्हा सावत्र आईने शांतपणे, अत्यंत नम्र भाषेत, आर्माँला पत्र पाठवावे की पावसाचे पाणी उत्तरेच्या दालनात येत आहे आणि ते दालन आपल्या आजीचे होते हे आपल्याला आठवत असेलच. वाचकाला चीड यावी म्हणून तिला खलनायिका करण्याची गरज नाही. हे एक पत्र पुरे आहे.

सावत्र आईच्या बाजूनेही विचार करा, कारण तुमच्या मसुद्यात ती निव्वळ लोभी आहे आणि ते मला पटलेले नाही. 1995 मध्ये मुले असलेल्या विधवेला कायद्याने आपोआप मिळणारा हक्क म्हणजे केवळ एक चतुर्थांश मालमत्तेचा उपभोग होता. ज्या घरात ती नांदली त्याची विटसुद्धा तिच्या मालकीची होत नसे, त्यामुळे नवऱ्याकडून हयातीतच काही लिहून घेणे हा तिच्या जगण्याचा प्रश्न होता. डिसेंबर 2001 च्या कायद्याने हे बदलले आणि पहिल्या पत्नीची मुले असली तरी विधवेला एक चतुर्थांश मालकी मिळू लागली. अशा स्त्रियांना कसे फसवले जाते याचेही गाजलेले उदाहरण आहे. चित्रांचे जगप्रसिद्ध व्यापारी डॅनिएल विल्डेनस्टाईन 2001 मध्ये पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सिल्विया यांच्याकडून सावत्र मुलांनी थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र करून घेतले. वारसा घेतला तर कराच्या देण्यात बुडून जाल, असे त्यांना पटवण्यात आले होते. सिल्विया यांनी कोर्टात धाव घेतली आणि 2005 मध्ये पॅरिसच्या अपिली न्यायालयाने ते हक्कसोडपत्र रद्द केले. परदेशांतल्या न्यासांमध्ये दडलेल्या चित्रांबद्दल त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न 2010 मध्ये त्यांच्या निधनानंतरही शमले नाहीत आणि करचुकवेगिरीचे खटले पुढे कित्येक वर्षे चालले. इथे सूड घेणारी विधवा आहे आणि तिचे हत्यार आहे कर खाते. तुमच्या विषाच्या कुपीपेक्षा हे अधिक भेदक आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मोठ्या घरातला सूड प्रत्यक्षात कसा दिसतो हे पाहायचे असेल, तर बेतांकूर प्रकरण नीट अभ्यासा. लिलियान बेतांकूर या सौंदर्यप्रसाधनांच्या लोरेआल कंपनीचे संस्थापक युजेन श्युलेर यांच्या एकुलत्या एक कन्या. त्यांनी छायाचित्रकार फ्रांस्वा-मारी बानिए यांना अनेक वर्षांत चित्रे, विमा पॉलिसी आणि रोख मिळून सुमारे एक अब्ज युरोंच्या भेटी दिल्या. नोव्हेंबर 2007 मध्ये लिलियान यांचे पती वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या एकुलत्या मुलीने, फ्रांस्वाज यांनी, फिर्याद दाखल केली. ही फिर्याद आईविरुद्ध नव्हती. वृद्ध व्यक्तीच्या दुबळेपणाचा गैरफायदा घेतल्याची ती फिर्याद बानिए यांच्याविरुद्ध होती; परंतु आई दुबळी आहे हे सिद्ध केल्याशिवाय ती जिंकता येणार नव्हती, आणि आई तर आपण पूर्ण शुद्धीवर असल्याचे सांगत होती. म्हणजे मुलीला आईचे रक्षण करायचे तर तिला भर कोर्टात अशक्त ठरवावे लागणार होते. लक्षात घ्या, कंपनीच्या समभागांची नागडी मालकी मुलीकडे आधीच आलेली होती, उपभोग आईकडे होता, तेव्हा भांडण निव्वळ पोटापाण्याचे नव्हते. त्यात भर म्हणजे पॅरिसलगतच्या न्यूयीतल्या लिलियान यांच्या हवेलीतला बटलर मे 2009 पासून वर्षभर दिवाणखान्यातले बोलणे चोरून ध्वनिमुद्रित करत होता. 2010 च्या जूनमध्ये ते बाहेर आले आणि प्रकरण थेट राजकारणापर्यंत पोचले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मायलेकींचा समेट झाला, पुढच्या वर्षी तोही मोडला आणि न्यायालयाने लिलियान यांना कुटुंबीयांच्या पालकत्वाखाली ठेवले. 2015 मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने बानिए यांना कारावास सुनावला. 2016 च्या अपिलात त्याचे रूपांतर चार वर्षांच्या स्थगित शिक्षेत आणि 375000 युरोंच्या दंडात झाले. बटलर मात्र खासगीपणाचा भंग केल्याच्या आरोपातून निर्दोष सुटला. तुमचा माळी साक्षीदाराची सही करण्यापुरता येतो आणि नाहीसा होतो, हे वाचताना मला या बटलरची आठवण झाली. अशा घरांत नोकरांना सगळे ठाऊक असते. माळ्याला कामाला लावा.

आता आर्माँच्या हातातली हत्यारे. पहिले म्हणजे राखीव हिस्सा मोडून दिलेल्या देणग्या कमी करून मागणे. 2007 पासून लागू झालेल्या नियमांनुसार हा दावा मृत्यूनंतर पाच वर्षांत, किंवा आपला हिस्सा डावलला गेल्याचे कळल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो आणि कोणत्याही परिस्थितीत दहा वर्षांच्या पुढे तो जात नाही. वीस वर्षे मौन पाळून परतणारा नायक पडद्यावर रुबाबदार दिसतो, पण नोटरी त्याला खुर्ची देऊन सांगेल की महाशय, आपण उशीर केलात. म्हणून माझी सूचना अशी की काउंटचा मृत्यू 2008 मध्ये आणा आणि आर्माँला चार वर्षे अकरा महिन्यांनी पॅरिसच्या स्टेशनवर उतरवा. शिवाय या नियमांनुसार त्याला वस्तू नव्हे तर बहुतेक वेळा पैसे मिळतात, म्हणजे सावत्र आईने शातो ठेवला तर तिला रोख रक्कम उभी करावी लागेल, आणि ती उभी करण्यासाठी शातोच विकावा लागेल.

दुसरे हत्यार अधिक क्रूर आहे. सावत्र आईला उपभोगाऐवजी मालकीचा हिस्सा मिळाला असेल, तर ती आणि मुले सहहिस्सेदार होतात, आणि संहितेचे 815 वे कलम सांगते की कोणावरही सामाईक मालकीत राहण्याची सक्ती करता येत नाही. आर्माँने वाटपाचा दावा लावला आणि शातोचे तुकडे पाडता येत नसतील, तर तो लिलावात निघू शकतो. फ्रान्समधल्या सरदार घराण्यांना या वाटणीची धास्ती जुनी आहे. राज्यक्रांतीने 1790 मध्ये थोरल्या मुलाचा विशेषाधिकार रद्द केला, तेव्हापासून किताब थोरल्याकडे जातो, पण जमीन सगळ्यांत वाटली जाते. तुमचा आर्माँ काउंट होईल हे खरे, पण शातो वाचवायचा की सूड घ्यायचा यातले एकच त्याला निवडता येईल, कारण लिलावाच्या हातोड्याखाली त्याचे स्वतःचे बालपणही जाणार आहे. तुमच्या कादंबरीचा गाभा मला इथे दिसतो.

पूर्ण बेदखल करायचेच असते तर 2021 च्या कायद्याआधी काउंटला देश सोडावा लागला असता. संगीतकार मोरिस जार यांनी कॅलिफोर्नियातल्या न्यासामार्फत सर्व काही पत्नीला दिले आणि 2017 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या मुलांचे म्हणणे फेटाळले. गायक जॉनी हॅलिडे यांनी तोच मार्ग धरला होता, पण 2019 मध्ये नांतेरच्या न्यायालयाने ते फ्रान्सचेच रहिवासी होते असे ठरवले, आणि त्यांचा मुक्काम दाखवण्यासाठी मुलांच्या वकिलांनी इन्स्टाग्रामवरची छायाचित्रे मोजली होती. हे उपकथानक तुम्हाला हवे असेल तर वापरा, मला ते लोआरकाठी उपरे वाटते.

राहिले विष. त्याची परंपरा मात्र अस्सल आहे. मार्कीझ द ब्रांव्हिलिए या सरदार घराण्यातल्या स्त्रीच्या वडिलांनी, जे पॅरिसचे मोठे न्यायाधिकारी होते, 1663 मध्ये तिच्या प्रियकराला, सेंत-क्र्वाला, बास्तीयच्या तुरुंगात टाकले. तिने 1666 मध्ये वडिलांना आणि 1670 मध्ये दोन्ही भावांना विष देऊन मारले; त्यात अपमानाचा सूडही होता आणि वारसाही. तिला पकडून दिले ते कागदांनीच. 1672 मध्ये सेंत-क्र्वा कर्जबाजारी अवस्थेत मेला, देणेकऱ्यांसाठी त्याच्या घराला सील लागले आणि मालाची यादी करताना एक पेटी सापडली, जिच्यात कुप्या आणि तिची पत्रे होती. ती पळाली, लिएजच्या एका मठात सापडली आणि 17 जुलै 1676 रोजी पॅरिसमध्ये तिचा शिरच्छेद करून देह जाळण्यात आला. त्यानंतरच्या चौकशीत ज्योतिषी आणि वैदूंकडून विकल्या जाणाऱ्या विषाला लोक काय म्हणत होते ते बाहेर आले : ‘वारशाची पूड’. हा शब्द तुम्ही नक्की वापरा, पण काउंटच्या ग्रंथालयातल्या एखाद्या जुन्या चोपडीत. आजच्या काळातला आर्माँ विष देऊ लागला की तो मला खोटा वाटतो, कारण विष शोधण्याचे शास्त्र 1840 पासून न्यायालयात पोचलेले आहे आणि तुमचा नायक मूर्ख नाही.

तरीही खून ठेवायचाच असेल, तर सावत्र आईचा ठेवू नका, कारण सावत्र मुलगा तिचा वारस नसतो आणि तिच्या मृत्यूने त्याला उपभोगातून मोकळी झालेली मालकी मिळते एवढेच. काउंटचाच खून झाला असे करा आणि मग संहितेची काही कलमे वाचा. वारसाने खून केला आणि त्यासाठी मोठी शिक्षा झाली तर तो वारशाला अपात्र ठरतो, पण त्याची मुले अपात्र ठरत नाहीत; आणि खुनाचा प्रयत्न फसून बाप वाचला, सारे कळूनही त्याने मृत्युपत्राच्या रीतीने ‘याचा हक्क कायम राहो’ असे लिहून ठेवले, तर तो हक्क कायम राहतो. बापाने अशी क्षमा केली आणि ती आर्माँला नोटरीकडून कळली, असे एक प्रकरण लिहून पाहा.

शेवटी टंकलिखित मृत्युपत्र. फ्रान्समध्ये घरी केलेले मृत्युपत्र आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच्या हाताने लिहिलेले, तारीख घातलेले आणि सही केलेले असावे लागते. टंकलिखित असेल तर ते रद्दी ठरते, मग त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असोत की वीस. अशा घरच्या मृत्युपत्राला साक्षीदार तर तिथे लागतच नाहीत, तो आपल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचा नियम आहे. तुमच्या डॉक्टरचीही अडचण आहे, कारण शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरला त्या काळात रुग्णाने दिलेली देणगी घेता येत नाही, आणि तुम्ही तर त्याला शातोतले घड्याळ देऊन टाकले आहे. सातव्या प्रकरणातून टंकलेखनयंत्र काढा आणि काउंटच्या थरथरत्या हातात पेन द्या. अक्षर त्याचेच आहे की कोणी हात धरून गिरवून घेतले, यावर पुढची शंभर पाने सहज निघतील. सुधारलेला मसुदा जरूर पाठवा.